नेस्ट उभी राहिली नाही

कार्डिफ,
९ मार्च १९९८

प्रिय दिलिस आत्या,

बाबांच्या दफनाला तुम्ही एवढ्या लांबून मिनीबसने आलात, येताना पाहुण्यांसाठी ‘बारा ब्रिथ’ हा मनुकांचा केक भाजून आणलात, त्याबद्दल आभार. लोकांनी केक चाटूनपुसून संपवला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तो डबा रिकामा झालेला मी स्वतः पाहिला. मीच धुऊन, पुसून तुमच्या हातात दिला. मग निघताना तुम्ही तोच डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसमध्ये चढलात आणि शेजारच्या बेव्हनबाई मदतीला आल्या तर त्यांना बोटही लावू दिलं नाहीत. त्याआधी तुम्ही ‘जरा पाठ टेकते’ म्हणून वर गेला होतात. वर पलंग आईच्या खोलीत आहे. तुमच्या पावलांचा आवाज मात्र बाबांच्या अभ्यासिकेतून येत होता.

काय नेलंत ते मी आत्ता विचारत नाही. दुसरंच विचारायचं आहे.

बाबांचे सगळे कागद ग्रंथालयाला द्यायचे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथले गेथिन रीस मेअखेर गाडी घेऊन येणार आहेत. इंग्रजी कविता नीट लावलेल्या आहेत, बहुतेक आईवरच्या. आईचं विणकाम, आईचं बागेत उभं राहणं, शाळेच्या पुस्तकांत लागलेल्या त्या. वेल्श कागद ट्रंकेत आहेत आणि त्यांतलं मला काही कळत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. पण टेबलाच्या खालच्या खणामागे काही पानं अडकलेली सापडली. टाइप केलेली. बाबांना टाइप करता येत नव्हतं. त्यांनी जन्मभर शाईने लिहिलं. आणि त्या पानांखाली त्यांचं नाव नाही. नाव आहे ‘नेस्ट ओ’र रीड’. हे बाईचं नाव आहे, इतपत वेल्श मलाही येतं.

कोण ही नेस्ट? आई जाऊन सहा वर्षं झाली, तिला आता दुखायचं काही नाही. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, मलाही भोवळ येणार नाही. पण माझ्या घरात माझ्या आईच्या मागे काय चाललं होतं, ते मला कळायला हवं. आणि ते गेथिन रीसना कळण्याआधी कळायला हवं.

तुमची,
ज्युडिथ


हाफोद वेन, लानविहान
१४ मार्च

चि. ज्युडिथ,

पत्र पोचलं. तुझ्यासाठी इंग्रजीत लिहिते आहे, त्यामुळे वेळ लागतो आणि निम्मा राग वाटेतच सांडतो.

डबा माझा आहे. माझ्या आईचा होता. मी तो पोटाशी धरीन नाहीतर डोक्यावर घेईन. आणि वर मी खोली चुकले. शहात्तर वर्षांची बाई एखादं दार चुकते, त्याचा पोलीस तपास करायचा नसतो.

नेस्ट नावाची कुठलीही बाई तुझ्या बापाच्या आयुष्यात नव्हती. हे मी चॅपेलमध्ये उभी राहून सांगेन. तुझ्या आईचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही, तेव्हा तिची बाजू घेऊन खोटं बोलायचं मला काही कारण नाही. मेरिग तिच्याशिवाय कुणाकडे बघत नव्हता. मला ते कधी कळलं नाही, पण होतं तसं.

ती शेवटची तीन पानं मला पाठवून दे. शेगडीजवळ ठेवू नकोस, त्यांच्यावर चहाचे कप ठेवू नकोस.

आता माझं ऐक. गेथिन रीसचा फोन आला होता. तुला ओहायोच्या कुठल्याशा विद्यापीठाचं पत्र आलंय म्हणे. मेरिगचे कागद त्यांना हवेत आणि ते चांगला भाव देतात. म्हणजे ज्या मुलीला त्यातली ओळ वाचता येत नाही तिने विकायचे आणि ज्यांना वाचता येतं त्यांनी विमानात बसून बघायला जायचं. गेथिन भिडस्त आहे, तो तुला विचारणार नाही. मी भिडस्त नाही. विकते आहेस का?

मेंढ्या विताहेत. घाईत आहे.

दिलिस आत्या


कार्डिफ,
२२ मार्च

प्रिय आत्या,

‘शेवटची तीन पानं’ असं तुम्ही लिहिलंत. माझं पत्र पुन्हा काढून वाचा. मी ‘काही पानं’ म्हटलं होतं. तीन आहेत हे मी सांगितलं नव्हतं आणि शेवटची आहेत हेही सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर नऊ, दहा, अकरा असे आकडे आहेत. पहिली आठ कुठे गेली हे आता मला बेव्हनबाईंना विचारायची गरज नाही. ती केकच्या डब्यातून लानविहानला गेली.

मी शब्दकोश घेऊन बसले होते. वाक्यं लागत नाहीत, शब्द लागतात. उशी. केस. ओठ. झोप. रात्र. माझी. माझी, माझी, पुन्हा माझी. आत्या, मी लहान नाही. ज्या कवितेत उशी आणि केस शेजारी-शेजारी येतात ती मेंढ्यांवर नसते. कुणीतरी बाईने बाबांना लिहिलेली ही कविता आहे, ती त्यांनी खणाच्या मागे ठेवली आणि त्यांच्या बहिणीने दफनाच्या दिवशी वर जाऊन उचलली. आणि वर चॅपेलमध्ये उभी राहून शपथ घ्यायची तयारी.

तुम्ही सांगत नाही, तेव्हा मी दुसरीकडे विचारलं आहे. तुमच्या खोऱ्याचं ते मासिक पत्र निघतं ना, त्यात छोटी जाहिरात दिली आहे: ‘नेस्ट ओ’र रीड यांना ओळखणाऱ्यांनी कृपया कळवावे. ज्युडिथ ब्रीस, कार्डिफ.’ खाली पत्ता दिला आहे.

ती पानं ग्रंथालयात जाणार नाहीत. आईवरच्या कवितांशेजारी ही बाई कपाटात बसणार नाही. काय ते कळलं की मी ती पानं जाळणार आहे. ओहायोबद्दल तुम्हाला उत्तर द्यायला मी बांधील नाही.

ज्युडिथ


हाफोद वेन
६ एप्रिल

ज्युडिथ,

काय करून बसलीस. काय करून बसलीस तू हे.

मेंढ्यांच्या लशीच्या जाहिरातीखाली चार ओळी, बारीक अक्षरात, आणि अख्खं खोरं पेटलंय. रविवारी चॅपेलमध्ये प्रार्थनेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दुकानात गेले तर बोलणं बंद होतं आणि मी बाहेर पडले की सुरू होतं. गॅरेजवाला आयव्हियन घरी येऊन बसला, दोन कप चहा प्यायला आणि ‘दिलिस, तुमच्या भाचीला नेस्टबद्दल काय माहीत आहे?’ असं विचारत राहिला. मी म्हटलं, माझ्या भाचीला कशाबद्दलच काही माहीत नाही.

तेव्हा आता सांगणं भाग आहे. आमच्याकडे आयस्टेद्वोदच्या, म्हणजे काव्य-गायनाच्या मेळाव्याच्या, स्पर्धेला कविता स्वतःच्या नावाने पाठवत नाहीत. परीक्षकाला कवी कळू नये, म्हणून टोपणनाव घ्यायचं आणि खरं नाव बंद पाकिटात घालायचं. इथल्या शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराने तुला हे सांगितलं असतं. पुरुष बाईचं नाव घेतात, बाया पुरुषाचं घेतात, मागे एका पाद्र्याने ‘पावसातलं कोकरू’ असं घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करतात. नेस्ट म्हणजे तुझा बाप. झालं समाधान? तू वर्तमानपत्रात जाहिरात देऊन स्वतःच्या बापाला शोधते आहेस.

जुनी, हरलेली कविता आहे. हरलेली कविता माणूस खणामागेच ठेवतो. मी ती उचलली, कारण मेल्यावर तरी त्याची फजिती नको. पानं पाठवून दे आणि आलेल्या पत्रांना उत्तरं देऊ नकोस.

आणि एक कळतं मला. कवितेभोवती गूढ वाढलं की कागदाची किंमतही वाढते. ओहायोवाल्यांना जाहिरातीचं कात्रण पाठवलंस की नाही अजून?

दिलिस


कार्डिफ,
१३ एप्रिल

आत्या,

टोपणनावाचं खरं निघालं. तेवढं एक कबूल आहे आणि हो, मला लाज वाटली. आईच्या फोटोसमोर बसून मी महिनाभर एका नसलेल्या बाईवर जळत होते.

पण बाकीचं खोटं आहे. पोस्टमन आता माझं दार वाजवून पत्रं हातात देतो, पेटीत मावत नाहीत. दोघांनी ‘मीच नेस्ट’ म्हणून लिहिलं आहे. एका बाईने बेकरीवाल्याच्या पहिल्या बायकोचं नाव घेतलं आहे आणि तिच्याबद्दल बरंच काही लिहिलं आहे. आयव्हियनचं पत्र सगळ्यात सरळ आहे. तो म्हणतो, १९५८ साली, मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, नेस्टची कविता पहिली आली. परीक्षकाने मांडवात तिच्यातल्या ओळी वाचून दाखवल्या तेव्हा लोक रडत होते. मग रणशिंग वाजलं, नेस्ट ओ’र रीड असेल तिथे उभी राहो, अशी तीनदा हाक झाली आणि कुणी उभं राहिलं नाही. जो उठत नाही त्याचं पाकीट उघडायचं नाही, असा तुमचा नियम. ते तसंच जाळलं. जिंकलेल्या कवीला बक्षीस द्यायची ती ओकची खुर्ची आजही चॅपेलच्या मागच्या खोलीत आहे आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाई तिच्यावर कोट टाकतात.

हरलेली कविता म्हणे. तुम्ही मला पुन्हा फसवलंत.

मी बसून विचार केला. बाबांना टाइप येत नव्हतं. टाइपरायटर चॅपेलचा होता आणि चॅपेलचा पत्रव्यवहार तुम्ही करत होतात. जिंकलेला माणूस खुर्ची सोडून का बसून राहील? एकच कारण दिसतं. ती त्याची कविताच नव्हती. तुमची होती. नाव टाकलं त्यांचं आणि ऐन वेळी त्यांची छाती झाली नाही. म्हणून तुम्ही डबा घेऊन वर गेलात, आपलंच परत घ्यायला. आता सांगा, ट्रंकेतल्या बाकीच्या वेल्श कवितांपैकी किती तुमच्या आहेत? तसं असेल तर मला ते ग्रंथालयाला सांगावं लागेल. बाबांच्या नावाचं काहीही होवो.

गाडी २९ मेला येते आहे. तोवर तुम्ही सांगितलं नाहीत, तर ही तीन पानं गेथिन रीसच्या हातात देऊन मी त्यांच्याकडून वाचून घेईन. जाळायचं मी रद्द केलं आहे.

ज्युडिथ


हाफोद वेन
२० एप्रिल

चि. ज्युडिथ,

मी आयुष्यात चार ओळी जुळवल्या, त्याही कोकरांच्या कानांवरच्या खुणा लक्षात राहाव्यात म्हणून. मेरिगने माझ्या कविता चोरल्या म्हणणं म्हणजे नदीने बादलीतलं पाणी चोरलं म्हणणं आहे. मी हसले आणि मग मला रडू आलं. त्याच्या मुलीला त्याच्याबद्दल काय काय सुचतं.

त्याने मला वचन द्यायला लावलं होतं की ही कविता तुझ्या हाती जाऊ देणार नाही. चाळीस वर्षं पाळलं. जाळून टाक म्हटलं तर त्याला तेही जमलं नाही आणि मलाही जमलं नाही. आता तू ती गेथिनकडून वाचून घेणार, म्हणजे परक्याच्या तोंडून ऐकणार. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

तू लहानपणी अडखळत बोलायचीस हे तुला आठवत असेल. तुला हे आठवत नसेल, की पाच वर्षांची होईपर्यंत तू आमची भाषा बोलायचीस. ‘तुला ती कधी आवडलीच नाही’ असं तुझी आई मार्जरी सांगायची ना? आवडत नव्हती म्हणे. माझ्या स्वयंपाकघरात कोंबडीच्या पिलांवरून तू माझ्याशी वेल्शमध्ये कचाकचा भांडायचीस. बापाशी वेल्श, आईशी इंग्रजी. मग शाळेत गेलीस आणि तुझी जीभ अडकायला लागली. शाळेच्या डॉक्टरने सांगितलं, डोक्यात दोन भाषा भांडताहेत, एक काढून टाका. त्या काळी सगळे डॉक्टर हेच सांगायचे. आता म्हणतात त्यात काही अर्थ नव्हता. मार्जरी इंग्लंडातल्या श्रूसबरीची, तिला इंग्रजीखेरीज दुसरी येत नव्हती. मग कुठली काढायची याची चर्चाही झाली नाही. एका रविवारी मेरिगने तुझ्याशी वेल्श बोलणं बंद केलं. तू महिनाभर त्याच्या मागे मागे फिरायचीस, आमच्या भाषेत काहीतरी विचारायचीस आणि तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. मग तू विचारणं सोडलंस. वर्षभरात तुझी जीभ सुटली. घडाघडा बोलायला लागलीस.

त्याने त्यावर ही कविता लिहिली. परीक्षक त्याचं अक्षर ओळखणारा होता, म्हणून मी टाइप केली. पहिली आठ पानं सोबत आहेत. मागच्या कोऱ्या बाजूला मी इंग्रजीत शब्दाला शब्द लावलाय. गोडवा माझ्याकडे नाही. पण आधीच सांगते, चांगलं नाही वाचायला. तो म्हणतो, हिची जीभ सोडवायला मी माझी कापून दिली आणि आता हिचा आवाज मला सोसवत नाही. तो म्हणतो, ही दारातून आत आली की घरात परका पाहुणा आल्यासारखं मी सावरून बसतो. पाचव्या पानावर त्याहून वाईट आहे. ते मी इथे लिहीत नाही, तिथे वाच.

परीक्षकाने मांडवात वाचलं ते पाचवं पान. लोक रडत होते हे खरं. मी तुमच्या मागच्या रांगेत होते. तुला त्याने मांडीवर घेतलं होतं. नाव पुकारलं. तो उठणार होता, मी त्याची पाठ ताठ झालेली पाहिली. तेवढ्यात तू विचारलंस, इंग्रजीत, स्वच्छ, ‘डॅडी, ते कुणाला बोलावताहेत?’ आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं. तो उठला असता, तर सगळ्या मांडवाने वळून पाहिलं असतं आणि सगळ्यांना कळलं असतं की कवितेतली ती मुलगी ही. तू या खोऱ्यात जन्मभर ‘ती मुलगी’ झाली असतीस. तो बसून राहिला. तीन हाका झाल्या. ‘ती घरी गेली असेल,’ असं तो तुला म्हणाला.

त्या खुर्चीसाठी तो वयाच्या अठराव्या वर्षापासून लिहीत होता. पुन्हा कधी स्पर्धेला पाठवलं नाही.

आता काय करायचं ते कर. मला झोप येत नाही आजकाल.

दिलिस आत्या


कार्डिफ,
४ मे

आत्या,

वाचलं. पाचवं पान दोनदा वाचलं.

मी खोलीत आले की बाबा हातातलं पुस्तक जरासं वर धरायचे. आई म्हणायची, तुझ्या मनाचे खेळ. नवऱ्याला मी हे एकदा सांगितलं, तर तोही म्हणाला, मनाचे खेळ. आज मला कळलं की मी खुळी नव्हते. याचा आनंद व्हावा की काय, मला कळत नाही. मला फार राग आला आहे. त्यांच्यावर, त्या डॉक्टरवर, आईवर आणि तुमच्यावरही. मला एक भाषा येत होती आणि चाळीस वर्षांत कुणाला ते सांगावंसं वाटलं नाही. मी तुमच्या स्वयंपाकघरात भांडत होते आणि नंतर त्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसत होते. तुम्ही बघत होतात.

त्यांनी ते लिहिलं कसं? आणि लिहून मला मांडीवर घेऊन बसले कसे?

शेवटच्या तीन पानांच्या प्रती सोबत पाठवते आहे. शब्दाला शब्द लावा. गोड करू नका. तुम्ही दोनदा खोटं बोलला आहात, तिसऱ्यांदा बोललात तर मी ते गेथिनकडून पडताळून घेईन.

ओहायोला मी मार्चमध्येच नकार कळवला होता. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला त्रास व्हावा असं वाटत होतं.

ज्युडिथ


हाफोद वेन
८ मे

चि. ज्युडिथ,

ओहायोचं वाचलं. बरं वाटलं आणि रागही आला. ब्रीस घराण्याचीच आहेस.

खुशाल पडताळून घे. नवव्या आणि दहाव्या पानावर रात्र आहे. तू झोपलीस की तो तुझ्या खोलीत येऊन बसायचा आणि झोपलेल्या पोरीशी आमच्या भाषेत बोलायचा, हळू आवाजात, मार्जरीला ऐकू जाऊ नये म्हणून. दिवसभराचं सगळं. कोण भेटलं, काय खाल्लं, मेंढरांचा भाव काय झाला. उशी, केस, ओठ हे सगळे तुझे. तुझ्या शब्दकोशाने ते बरोबर काढले होते, फक्त त्याने एक बाई वाढवली.

अकरावं पान असं आहे. मी ओळीला ओळ लावते:

एका रात्री तू झोपेत पाणी मागितलंस,
आपल्या भाषेत मागितलंस.
मी अनवाणी धावलो. पेला भरून आणला.
तू डोळे उघडलेस, पाणी प्यालीस,
आणि म्हणालीस, थँक यू, डॅडी.
एकदाही न अडखळता.

एवढंच. खाली नेस्टचं नाव. मी टाइप करताना त्याला म्हटलं होतं, मेरिग, याच्यापुढे काहीतरी घाल, असं मधेच काय तोडतोस. तो म्हणाला, याच्यापुढे काही नाही.

मी गोड केलेलं नाही. करता आलं असतं तर केलं असतं, एवढं मात्र कबूल करते.

तू पाहुण्यासारखी बसायचीस आणि मी बघत होते, हे तू बरोबर लिहिलंस.

दिलिस आत्या


कार्डिफ,
१५ मे

प्रिय आत्या,

गेथिन रीसकडून पडताळलं. तू बरोबर लावलं आहेस. (हो, ‘तू’. ‘तुम्ही’चा मला कंटाळा आला.) मी फोनवर वाचत होते आणि उच्चार चुकवत होते. तो मधेच म्हणाला, माझी मुलगी चार वर्षांची आहे.

अकराही पानं एकत्र लावून ठेवली आहेत. ती गाडीतून जातील. ग्रंथालयाच्या सूचीत कवीचं नाव काय घालू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, २५ तारखेच्या सोमवारपर्यंत थांबा.

आयव्हियनला मी फोन केला. आयस्टेद्वोदची समिती या वर्षी, त्याच सोमवारी, नेस्टची हाक पुन्हा देणार आहे. ती माझ्या जाहिरातीमुळे, तेव्हा निस्तरायचं मलाच आहे. ऑर्गनवाल्या बाईंना कोट उचलायला सांगितलं आहे, असं तो म्हणाला. नेस्ट कोण, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो विचारून विचारून रडकुंडीला आला आहे.

मी त्यांना माफ केलंय असं समजू नकोस. पाचवं पान तसंच आहे, ते अकराव्या पानाने पुसलं जात नाही. पण खुर्ची त्यांची होती. माझ्याकडे लोक वळून पाहतील म्हणून त्यांनी ती सोडली. आता पाहू देत. मी बावीस वर्षं वर्गावर उभी आहे, मला लोकांच्या नजरांचं काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नेस्टच्या हाकेला उभं राहिल्यावर तुम्ही कोण, असं व्यासपीठावरून विचारतात म्हणे. मला उत्तर वेल्शमध्ये द्यायचं आहे. एकच वाक्य: मेरिग ब्रीसची मुलगी. मी आरशासमोर म्हणून पाहिलं आणि माझी जीभ अडकली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. स्वयंपाकघरात पुन्हा म्हटलं, पुन्हा अडकली. तेव्हा विचारते आहे, मी हे करू का? तू नको म्हणालीस तर मी येणार नाही. वचन तुझ्याकडे होतं.

ज्युडिथ


हाफोद वेन
१९ मे

चि. ज्युडिथ,

कार्ड लिहिते आहे, लगेच पोचेल. रविवारीच ये, गादी घातली आहे.

मेलेल्या माणसाला दिलेलं वचन माझं आहे, त्याचं मी बघीन. तो भेटला तर भांडेल, मीही भांडेन.

वाक्य बरोबर आहे. अडखळलीस तर अडखळ. या खोऱ्यात कुणाला घाई नाही. लोक थांबतील आणि कुणी हसलंच तर मी मागे वळून बघीन.

मी तुझ्या शेजारी बसेन. हाक तीनदा देतात, पण तू तिसरीची वाट बघू नकोस. पहिल्या हाकेलाच ऊठ.

दिलिस आत्या